‘वन-टू पंच’ आणि त्याचीं भावंडें

इंग्रजी वृत्तपत्र नियमानें वाचणाऱ्या आमच्या वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांस ‘वन-टू पंच’ हा शब्दसमूह नवा नाहीं. पाऊस पडला नाहीं आणि मागाहून कीड पडली, कीं बातमीदार लिहितो, पिकांवर ‘वन-टू पंच’ बसला. गिरणीस कापूस महाग पडला आणि कापडास गिऱ्हाईक मिळेना, कीं पुन्हां तेंच. त्याच स्तंभांत दोन ओळी खालीं ‘डबल व्हॅमी’ असें छापलेलें असतें, आणि शेजारच्या पानावर नुसतें ‘डबल ब्लो’. शब्दकोश उघडावा तर तिहींपुढें अर्थ जवळजवळ एकच : दुहेरी आघात. मग विद्यार्थी हे तिन्ही शब्द एकाच पोत्यांत भरतो आणि लिहितांना जो हातीं लागेल तो काढतो. हें पोतें सोडून आंत काय काय आहे तें पाहावें, एवढाच या लेखाचा उद्देश आहे. पालकांनींहि तो वाचावा अशी आमची इच्छा आहे. कारण घरीं आलेलें वृत्तपत्र बहुधा तेच आधीं वाचतात, आणि दुहेरी आघात म्हणजे काय हें त्यांस मुलांपेक्षां अधिक ठाऊक असतें.

देवनागरींत लिहिल्यावर हा शब्द थोडा फसवा दिसतो. आपल्याकडे पंच म्हणजे पांच, पंच म्हणजे गांवचा न्याय करणारे, आणि मैदानावर शिटी वाजविणारा तोहि पंचच. मद्य, साखर, लिंबू, पाणी व मसाला एकत्र करून इंग्रज लोक ‘पंच’ नांवाचें जें पेय करीत, त्याचें नांव आपल्याच ‘पांच’ वरून पडलें असें पुष्कळ कोशकार मानतात. ठोशाचा ‘पंच’ या सर्वांहून निराळा. टोंचणें, भोंक पाडणें, ठसा उठविणें अशा अर्थाच्या क्रियापदाशीं त्याचें नातें आहे. तिकिटास भोंक पाडणाऱ्या चिमट्यास ‘पंच’ म्हणतात तो त्याचाच भाऊबंद. तेव्हां मुष्टियोद्ध्याच्या ‘वन-टू पंच’शीं पांचाचा संबंध नाहीं, आणि पंचाचा असलाच तर तो पडलेल्या मल्लापुढें दहा आंकडे मोजण्यापुरता.

आतां आखाड्यांत जाऊं. ठोसे दोन खरे, पण ते सारखे नव्हेत, आणि या वाक्प्रचाराचें सारें मर्म तेथें आहे. उजव्या हातानें काम करणारा मुष्टियोद्धा डावा पाय व डावी मूठ पुढें ठेवून उभा राहतो. उजवी मूठ मागें, हनुवटीजवळ असते. डाव्या मुठीचा सरळ व झटपट ठोसा म्हणजे ‘जॅब’. त्यानें सहसा कोणी आडवा होत नाहीं. परंतु प्रतिस्पर्ध्याची मान मागें जाते, क्षणभर त्याच्या डोळ्यांपुढें त्या मुठीवांचून कांहीं राहत नाहीं, त्याचे हात तोंड सांभाळण्यासाठीं वर येतात, आणि मारणाऱ्यास दोघांमधील अंतर बिनचूक कळतें. डावी मूठ परत येऊं लागते न लागते तोंच उजवी निघते. मागच्या पायाची टांच वळते, कंबर फिरते, खांदा पुढें येतो आणि सबंध शरीराचें वजन त्या एका मुठीमागें उभें राहतें. हा ‘क्रॉस’. उजवा एकटाच मारूं गेल्यास तो इतक्या लांबून येतो कीं सावध मनुष्य सहज बाजूस होतो. डावा एकटाच मारीत राहिल्यास सामना संपता संपत नाहीं. पहिला वाट उघडतो आणि दुसरा त्या वाटेनें आंत जातो. आजहि तालमींत शिक्षक ‘वन’ म्हणाला कीं शिष्य जॅब मारतो, ‘टू’ म्हणाला कीं क्रॉस. म्हणजे ‘वन’ आणि ‘टू’ ही केवळ मोजदाद राहिली नसून त्या दोन ठोशांचीं तीं नांवेंच झालीं आहेत.

इंग्लंडांत पूर्वीं ही लढत उघड्या मुठींनीं होत असे आणि तींत प्रतिपक्ष्यास उचलून आपटण्यासहि मोकळीक होती. १८६७ सालीं प्रसिद्ध झालेल्या क्वीन्सबेरी नियमांनीं हातमोजे आले, तीन मिनिटांची फेरी व एक मिनिटाची विश्रांति ठरली, पडलेल्यास उठण्यासाठीं दहा सेकंद मिळूं लागले आणि कुस्तीचे डाव बंद झाले. उरलें तें मुठींचें शास्त्र. त्या शास्त्रांत ‘वन-टू’ हा पहिला धडा. तो न शिकतां पुढें कोणी जात नाहीं.

धडा पहिला असला तरी सोपा नाहीं, याचें एक प्रसिद्ध उदाहरण येथें द्यावेंसें वाटतें. १९३६ च्या जून महिन्यांत न्यूयॉर्क येथें अमेरिकेचा ज्यो लुई व जर्मनीचा मॅक्स श्मेलिंग यांची गांठ पडली. लुई तोंवर व्यवसायी सामन्यांत एकदांहि हरला नव्हता. परंतु श्मेलिंगनें त्याच्या खेळांतील एक खोड हेरून ठेविली होती. जॅब मारून झाल्यावर लुई आपली डावी मूठ थोडी खालीं सोडी. त्या उघड्या फटींतून श्मेलिंगचा उजवा ठोसा पुन्हां पुन्हां आंत गेला आणि बाराव्या फेरींत लुई पडला. लुईचें ‘वन’ घरीं परत येण्यापूर्वींच समोरच्याचें ‘टू’ येऊन बसत होतें! दोन वर्षांनीं, २२ जून १९३८ रोजीं, दोघे पुन्हां समोरासमोर आले. या वेळीं लुई जगज्जेता होता. त्यानें दोन मिनिटें चार सेकंदांत निकाल लाविला.

हेच दोन आंकडे युरोपांतील दुसऱ्या खेळांतहि भेटतात, आणि तेथें त्यांचा अर्थ पालटतो. फेन्सिंग म्हणजे तरवारीच्या खेळांत ‘वन-टू’ असा एक डाव आहे. त्यांत पहिली हालचाल ही नुसती हूल असते. प्रतिस्पर्धी ती अडविण्यास तरवार एका बाजूस नेतो, आणि तेवढ्यांत हल्ला करणारा आपलें पातें फिरवून दुसऱ्या बाजूनें टोंचतो. म्हणजे तेथें लागणारा वार एकच. फुटबॉलमध्यें तर वारच नाहीं. एकानें चेंडू सोबत्यास द्यावा, आपण पुढें धांवावें आणि त्यानें तो परत द्यावा, यास इंग्रज खेळाडू ‘वन-टू’ म्हणतात. भिंतीवर चेंडू मारून परत घ्यावा तसें तें असतें. तेव्हां इंग्रजी वर्णनांत ‘वन-टू’ दिसलें कीं डोळे मिटून ‘ठोसे’ लिहूं नये. आधीं खेळ कोणता तें पाहावें.

आखाड्यांतून वृत्तपत्रांत येतांना या शब्दानें आपल्याबरोबर दोन गोष्टी आणिल्या. एक क्रम, पहिलें आधीं व दुसरें लगेच मागून. दुसरी गोष्ट म्हणजे पहिल्यानें दुसऱ्याची सोय करून ठेविलेली असणें. तिसरीहि एक आहे, पण ती सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. हा शब्द मारणाऱ्याच्या बाजूचा आहे. म्हणून तो कौतुकानेंहि वापरतां येतो. अमेरिकेंत बेसबॉल नांवाचा चेंडूफळीचा खेळ आहे. त्यांतील न्यूयॉर्क यँकीज या संघांत बेब रूथ तिसरा व लू गेहरिग चवथा फलंदाज म्हणून येत. १९२७ सालीं रूथनें साठ आणि गेहरिगनें सत्तेचाळीस वेळां ‘होमरन’ म्हणजे एका फटक्यांत पुरी फेरी मिळविली. अशा जोडीस अमेरिकन लोक ‘वन-टू पंच’ म्हणतात, आणि तें अगदीं यथार्थ आहे. रूथची भीति वाटून गोलंदाजानें चेंडू मुद्दाम त्याच्या आवांक्याबाहेर टाकावे, तर नियमाप्रमाणें रूथ फुकट पहिल्या टप्प्यावर जाऊन उभा राही, आणि समोर गेहरिग येई. पहिल्यास चुकवावें तर दुसऱ्याचा मार दुणावे. हें कौतुक ‘डबल व्हॅमी’ या शब्दानें करतां येणार नाहीं. कां येणार नाहीं, तें त्या शब्दाच्या कुळींत आहे.

‘वॅम’ हा इंग्रजींत आघाताचा आवाज, आपल्या ‘धाडकन्’ सारखा. त्यावरूनच ‘व्हॅमी’ निघाला असावा. अमेरिकन खेळाडूंच्या बोलींत १९४० च्या सुमारास हा शब्द चेटूक, अपशकुन, दृष्ट अशा अर्थानें रूढ होता. त्यास घरोघर पोंचविलें तें आल कॅप या चित्रकारानें. १९३४ ते १९७७ पर्यंत त्याची ‘लिल ॲबनर’ नांवाची चित्रमाला अमेरिकेंतील वृत्तपत्रांतून येत असे. तींत वाईट नजरेचा एक इसम आहे. त्यानें एक डोळा रोखला कीं समोरच्यास ‘व्हॅमी’ लागे, आणि दोन्ही डोळे रोखले कीं ‘डबल व्हॅमी’! म्हणजे ज्यास आपण दुहेरी आघात म्हणून भाषांतरितों तो मुळांत ठोसा नव्हेच. ती दृष्ट आहे. आपल्या घरांतून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकणाऱ्या आजीबाईंस हा शब्द कोशाशिवाय समजला असता. दृष्ट नेहमीं लागलेल्याची असते. लावणारा तींत गौण, पुष्कळदां अज्ञातच. म्हणून ‘डबल व्हॅमी’ हा सोसणाऱ्याच्या तोंडचा शब्द आहे, आणि दोन डोळ्यांत पहिला कोणता व दुसरा कोणता हा प्रश्न तेथें उद्भवत नाहीं.

या दोन कुळांची गल्लत खुद्द इंग्रजांनींहि केली आहे, आणि तीहि भर चव्हाट्यावर. ९ एप्रिल १९९२ रोजीं ब्रिटनमध्यें पार्लमेंटची निवडणूक झाली. तींत हुजूर पक्षानें मजूर पक्षाविरुद्ध लावलेल्या एका भित्तिपत्रकावर ‘लेबर्स डबल व्हॅमी’ अशीं अक्षरें होतीं, आणि चित्र होतें मुष्टियोद्ध्याच्या दोन भल्यामोठ्या हातमोज्यांचें! एका मोज्यावर वाढीव कर, दुसऱ्यावर वाढीव किंमती. शब्द दृष्टीचा आणि चित्र ठोशांचें. त्या देशांतील पुष्कळांनीं हा अमेरिकन शब्द प्रथम तेव्हांच ऐकला. तेव्हां तो त्यांच्या मनांत हातमोजे घालूनच शिरला असल्यास नवल नाहीं. निवडणूक हुजूर पक्षानें जिंकली. आमच्या मतें आज वृत्तपत्रांत दिसणारी सरमिसळ वाढविण्यास असलीं चित्रें पुष्कळ कारण झालीं.

कोणी म्हणेल, दोन आघात ते दोन आघात. तो क्रमानें आला कीं एकदम आला याचा कीस कशाला? आपल्याच प्रांताचीं दोन वर्षें समोर ठेवून पाहूं.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. मांडवीकडे पहिले रोगी आढळले. त्याच वर्षीं पाऊस फसला आणि १८९६–९७ चा मोठा दुष्काळ दख्खनवर व हिंदुस्थानच्या इतर भागांवर पडला. दोन्ही आघात भयंकर, आणि दोन्ही एकाच काळीं. परंतु एकाचें मूळ आकाशांत होतें, दुसऱ्याचें उंदरांच्या अंगावरील पिसवांत. हाँगकाँगमध्यें १८९४ सालीं पसरलेली ती साथ जहाजांच्या मार्गानें मुंबईस पोंचली असें मानतात. दख्खनवर पाऊस चांगला पडला असता तरी ती जहाजें येणारच होतीं. दोघांनीं एकमेकांस बोलाविलें नव्हतें. ही ‘डबल व्हॅमी’.

आतां १९१८ पाहा. त्या वर्षींहि पाऊस फार वाईट रीतीनें फसला. धान्याचे भाव चढले, गोरगरिबांचें पोट अर्धें राहिलें. जून महिन्यांत मुंबईंत इन्फ्लुएंझाची पहिली लाट येऊन गेली होती. सप्टेंबर-ऑक्टोबरांत दुसरी आली, आणि ती पहिलीहून कितीतरी घातक ठरली. मुंबई इलाख्यास तिचा तडाखा विशेष बसला, आणि सबंध हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें दगावलीं. मेले त्यांत वीस ते चाळीस वयाचीं कर्तीं माणसें फार होतीं. येथें दुष्काळ हा ‘वन’ होता. त्यानें शरीरांचा पहारा खालीं आणिला, आणि त्या फटींतून ‘टू’ आंत गेला. इतकेंच नव्हे, तर त्या दुखण्याच्या पोटांतहि पुन्हां हीच जोडी होती. त्या साथींत मेलेल्या बहुतेकांचे प्राण केवळ इन्फ्लुएंझाच्या विषाणूनें घेतले नाहींत. त्यानें श्वासमार्गाचें अस्तर सोलून ठेविलें, आणि मागून शिरलेल्या जंतूंनीं फुप्फुसांस जो दाह केला, म्हणजे न्युमोनिया, त्यानें ते गेले. आजचे वैद्यकीय लेखक या प्रकारास ‘वन-टू पंच’ म्हणतात तेव्हां ते अलंकारासाठीं म्हणत नाहींत. जें घडलें त्याचा क्रम सांगतात.

या शब्दांच्या फरकावर उपाय अवलंबून असतो. आघात एकमेकांशीं असंबद्ध असले तर दोहोंची तरतूद वेगळी करावी लागते. धान्य वांटल्यानें उंदीर मरत नाहींत. पण पहिल्यानें दुसऱ्यास वाट करून दिली असेल, तर पहिल्यासच अडविल्यानें दुसऱ्याचें बळ पुष्कळ कमी होतें. १९१८ सालीं भुकेल्यास वेळेवर पोटभर अन्न पोंचतें तर साथ थांबली नसती, परंतु तिच्यापुढें जीं माणसें उभीं होतीं तीं अधिक सशक्त असतीं.

मराठींत या दोहोंस काय म्हणावें? ‘दुहेरी फटका’ किंवा ‘दुहेरी मार’ हे आज वृत्तपत्रांतून सर्रास चालतात. ते वाईट नाहींत, पण त्यांत क्रम नाहीं. म्हणून ते ‘डबल ब्लो’ ला चांगले. ‘डबल व्हॅमी’ साठीं आपल्याकडे तिच्याहून जुनी आणि आमच्या दृष्टीनें तिच्याहून सुरेख म्हण आहे : दुष्काळांत तेरावा महिना. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारें अकरा दिवसांनीं लहान असल्यामुळें सरासरी बत्तीस-तेहतीस महिन्यांनीं पंचांगांत एक अधिक मास धरावा लागतो. बारा महिने पुरावें म्हणून घरांत सांठविलेलें धान्य दुष्काळानें आधींच अपुरें, त्यांत पंचांग म्हणतें वर्ष तेरा महिन्यांचें! पावसानें अधिक मासास बोलाविलें नाहीं, अधिक मासानें पावसास अडविलें नाहीं. दोघे आपापल्या वाटेनें आले आणि एकाच कणगीशीं भेटले. आघात तीन झाले तर माकडानें मद्य प्यावें आणि वर त्यास विंचू डसावा, हा दाखला आपल्या पूर्वजांनीं देऊन ठेविलाच आहे.

‘वन-टू पंच’ ला मात्र तयार जोडीदार सांपडत नाहीं. ‘तोंड दाबून बुक्क्यांचा मार’ या म्हणीची घडण जवळची आहे. आधीं तोंड दाबलें म्हणून पुढचा मार बिनबोभाट देतां येतो. परंतु तिचा अर्थ अन्याय सोसून ओरडतांहि न येणें असा ठरून गेला आहे, आणि म्हणीच्या ठरलेल्या अर्थाशीं झोंबी घेऊं नये. ‘लाथाबुक्क्या’ या शब्दांत आघात दोन जातींचे आहेत, पण आधीं लाथ कीं आधीं बुक्की हें मारणाराहि सांगूं शकणार नाहीं. ‘आगींतून फुफाट्यांत’ मध्यें क्रम आहे, परंतु मनुष्य तेथें आपल्या पायांनीं जातो. आणि ‘इकडे आड तिकडे विहीर’ याचा तर येथें कांहींच संबंध नाहीं. त्यांत दोहोंपैकीं एक संकट निवडावयाचें असतें. आपल्या विषयांत निवड करावयास कोणी सांगत नाहीं. विद्यार्थ्यांच्या वह्यांत हा घोटाळा वारंवार आढळतो म्हणून तो येथें नमूद केला. खरें साम्य आपल्या तांबड्या मातींत आहे. मल्ल मानेवर हात टाकून समोरच्याचें लक्ष व वजन वर ओढतो आणि तो सावरतो आहे तोंच खालीं वाकून पट काढतो. यास कुस्तीच्या बोलींत डाव म्हणतात, आणि डाव शब्दांत दोन्ही हालचाली एकत्र येतात. आखाडा ठाऊक असलेल्या वाचकासाठीं लिहावयाचें असेल तर हें रूपक खुशाल घ्यावें.

इंग्रजींतील आणखी दोघांचा परिचय करून देतों. दुनळी बंदुकीच्या दोन्ही नळ्या एकदम झाडणें यावरून कोणावर सर्व बळानें तुटून पडणें यास ‘बोथ बॅरल्स’ देणें म्हणतात. तेथें दोन आघातांपेक्षां हात राखून न ठेवणें यावर जोर असतो. जखमेवर अपमानाची भर घालणें हा दुसरा. तो फीड्रस या रोमन कवीच्या एका कथेपर्यंत मागें जातो. टक्कल पडलेल्या मनुष्यास माशी चावली. त्यानें तिला मारण्यासाठीं आपल्याच डोक्यावर चापट मारून घेतली आणि माशी उडून जाऊन हंसली, अशी ती कथा आहे. आपलें ‘जखमेवर मीठ चोळणें’ याच्या शेजारचें.

क्रियापदांकडेहि लक्ष असावें. इंग्रज माणूस ठोसा ‘फेंकतो’, ‘पोंचवितो’ किंवा ‘उतरवितो’; आपण तो लगावतों, हाणतों, ठेवून देतों. व्हॅमी त्याच्यावर ‘पडते’, किंवा तिनें तो ‘गांठला जातो’. इंग्रजी वाक्यांतील क्रियापद पाहिलें तरी लेखक मारणाऱ्याच्या बाजूस उभा आहे कीं मार खाणाऱ्याच्या, तें कळून येतें.

भाषांतरासाठीं आम्ही वर्गांत दोन वाक्यें देत असतों. पहिलें, वाढते भाव आणि वाढते कर यांची ‘डबल व्हॅमी’ कुटुंबांस सोसावी लागली. येथें ‘दुहेरी’ हा शब्द वापरलाच पाहिजे असें नाहीं. ‘भाव वाढलेच होते, त्यांत कर वाढले’ असें लिहिल्यास मराठी कानास तें पुरतें; आपला लहानसा ‘त्यांत’ किंवा ‘भरीस भर’ हे शब्द तें काम शतकानुशतकें करीत आले आहेत. दुसरें, दुष्काळ आणि साथ यांच्या ‘वन-टू पंच’ नें जिल्हा कोसळला. येथें ‘त्यांत’ घातला तर दुष्काळाचा साथीशीं असलेला संबंध गळून पडतो. आम्ही लिहितों, ‘दुष्काळानें जिल्हा खिळखिळा केला आणि साथीनें तो पाडला.’ एका नामाच्या जागीं दोन क्रियापदें लागतात, वाक्य थोडें लांबतें, पण कोणता ठोसा डाव्या हाताचा आणि कोणता उजव्या, हें वाचणाऱ्यास दिसतें.